गोव्यातले अपघाती मृत्यू: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

'स्वयंअपघातात युवक ठार', 'खंदकात बुडून दोघांचा मृत्यू', 'माडावरून पडून मजूर दगावला'. अशा चार ओळींच्या बातम्या आतल्या पानावर रोज येतात आणि रोज विसरल्या जातात. त्यावरून गावात, ग्रामसभेत, नातेवाइकांच्या घोळक्यात जे प्रश्न ऐकू येतात, त्यांची उत्तरं इथे दिली आहेत. काही उत्तरं लांब आहेत, कारण विषयच तसा आहे.

अपघात म्हणजे पोलिसांचं काम. त्यात आरोग्याचा काय संबंध?

वाड्यावर एकाला डेंग्यू झाला की आरोग्य केंद्राचे कर्मचारी दारात हजर होतात. पिंपं उलटी करतात, टायर आणि करवंट्या बघतात, शेजारपाजारी कोणाला ताप आहे का विचारतात. 'तुला डास चावलाच कसा' असं रुग्णाला कोणी दरडावत नाही. त्याच वाड्याच्या तोंडाशी, हमरस्त्याला लागताना स्कूटरवरचा माणूस गेला, तर मात्र सगळी चौकशी एका प्रश्नावर येऊन थांबते: चूक कोणाची?

पोलिसांना हे शोधावंच लागतं, खटल्याला आरोपी लागतो. पण त्याच जागी पुढचा माणूस मरू नये यासाठी वेगळे प्रश्न विचारावे लागतात. तिठ्यावर दिवा होता का? उतारावरून येणारी गाडी झुडपांमुळे दिसत नव्हती का? हेल्मेट डोक्यावर होतं की हँडलला? रुग्णवाहिका किती वेळात आली, आणि तिने कुठल्या इस्पितळात नेलं?

विल्यम हॅडन नावाच्या अमेरिकन डॉक्टरने १९६०च्या दशकात अपघाताकडे बघायची ही पद्धत मांडली. अपघाताआधी, अपघात होताना आणि अपघातानंतर, अशा तीन टप्प्यांत माणूस, वाहन आणि परिसर यांची तपासणी करायची. चालकाची चूक या तक्त्यातला एक चौकोन आहे. बाकीचे चौकोन आपण सहसा रिकामे ठेवतो.

पण वेळ आली की माणूस जातोच ना?

मयताच्या घरी सांत्वनाला गेल्यावर हे वाक्य ठीक आहे. ग्रामसभेत नाही. त्याच वळणावर, त्याच पावसाळ्यात, त्याच वयाची पोरं जात असतील, तर त्याला नशीब म्हणता येत नाही. नशीब इतकं नियमित नसतं.

गोव्यात दर वर्षी किती माणसं अपघातात जातात?

रस्त्यांपुरतं सांगायचं तर गेल्या काही वर्षांत हा आकडा साधारण सव्वादोनशे ते तीनशे यांच्यामध्ये फिरतो आहे. कोविडच्या टाळेबंदीच्या २०२० सालीही तो दोनशेच्या खाली गेला नाही. २०२२मध्ये देशभरात रस्त्यांवर १,६८,४९१ माणसं गेली. बुडणं, पडणं, विजेचा धक्का, आग, सर्पदंश असे सगळे अपघात धरले, तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे त्याच वर्षी ४,३०,५०४ अपघाती मृत्यूंची नोंद झाली.

गोव्याचा आकडा दिसायला लहान वाटतो, कारण राज्यच लहान आहे. २०११च्या जनगणनेत आपली लोकसंख्या १४.५८ लाख होती. लाखामागे किती हे काढलं, तर रस्त्यावरच्या मृत्यूंचं आपलं प्रमाण देशाच्या सरासरीहून जास्त भरतं. इथे बाहेरून येणारे पर्यटक आणि कामगार खूप आहेत, त्यामुळे हा हिशोब थोडा फुगतो, हे खरं. तरी तेवढ्याने तो सगळा विरघळत नाही.

अपघातानंतर ३० दिवसांच्या आत जखमी दगावला, तर तो रस्ते अपघातातला मृत्यू धरतात. जो दोन-तीन महिने अंथरुणावर काढून जातो, तो या मोजणीत नसतो. आणि जो वाचतो पण पुन्हा कामावर जाऊ शकत नाही, त्याची मोजणी कोणीच करत नाही.

हे सगळं पर्यटकांमुळेच होतं ना?

आपल्याला आवडणारं उत्तर 'हो' असं आहे. काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेली भाड्याची स्कूटर, हाफ पँट, हातात मोबाईलचा नकाशा, हे चित्र सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. अशा अपघातांत माणसं जातात, नाही असं नाही. पण गोव्याच्या रस्त्यांवर मरणाऱ्यांत मोठा वाटा इथेच राहणाऱ्यांचा, आणि निम्म्याहून जास्त दुचाकीवरच्यांचा. वेर्णा किंवा कुंडईच्या कारखान्यातून दुसरी पाळी संपवून घरी निघालेला मुलगा, पहाटे मासळी बाजार गाठणारी बाई, हमरस्ता ओलांडणारे आजोबा.

समुद्रात मात्र उलट दिसतं. किनाऱ्यावर बुडणाऱ्यांत पर्यटक जास्त, तर नदी, विहीर आणि खाणीच्या खंदकात आपली मुलं. सरसकट एकावर बोट ठेवलं की दुसरी बाजू राहून जाते.

दुकानापर्यंतच जायचं असतं, तरी हेल्मेट लागतं का?

लागतं. गावातल्या रस्त्यावर पोलीस नसतो, पण डांबर तेवढंच कडक असतं. हेल्मेटवरच्या संशोधनांचा एकत्रित निष्कर्ष असा, की हेल्मेटमुळे दुचाकीस्वाराच्या मृत्यूचा धोका साधारण ४० टक्क्यांनी आणि डोक्याच्या इजेचा सुमारे ७० टक्क्यांनी घटतो. पट्टा न लावता नुसतं टोपीसारखं ठेवलेलं हेल्मेट पहिल्या आदळण्यालाच उडून जातं. त्यामुळे चलन वाचतं, डोकं नाही. विकत घेताना आयएसआयची खूण आणि तिच्याजवळ आयएस ४१५१ हा क्रमांक बघा. रस्त्याकडेला टांगलेल्या स्वस्त टोपड्यांवरही ती खूण चिकटवलेली सापडते, म्हणून आतला कडक थर्माकोलचा थर बोटाने दाबून बघा. स्पंजासारखा दबला तर परत ठेवा.

मोटार वाहन कायद्याच्या कलम १२९नुसार मागे बसणाऱ्यालाही हेल्मेट लागतं. चालवणाऱ्या बापाच्या डोक्यावर हेल्मेट, मागे आई आणि मध्ये पोर उघड्या डोक्याने, हे दृश्य दर रविवारी दिसतं. जीव काय फक्त चालवणाऱ्यालाच असतो?

मुलगा सोळा वर्षांचा आहे. शिकवणीला स्कूटर दिली तर चालेल?

नाही. सोळाव्या वर्षी ५० सीसीपर्यंतची बिनगियरची गाडी चालवायचा परवाना मिळतो, आणि आज घरोघरी असलेल्या स्कूटर त्याच्या दुपटीहून मोठ्या असतात. २०१९च्या दुरुस्तीत आलेल्या कलम १९९अ प्रमाणे अल्पवयीन मुलाने गाडी चालवताना गुन्हा केला, तर पालकाला किंवा मालकाला २५ हजार रुपये दंड आणि तीन वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, गाडीची नोंदणी वर्षभर रद्द होते, आणि त्या मुलाला पंचविशीपर्यंत परवाना मिळत नाही. बस वेळेवर येत नाही ही पालकांची तक्रार शंभर टक्के खरी आहे. ती पंचायतीत आणि वाहतूक खात्याकडे लावून धरा. चावी हा तिच्यावरचा उपाय नव्हे.

किती प्यायलं तर गाडी चालवता येते?

कायद्याची मर्यादा १०० मिलिलीटर रक्तात ३० मिलिग्रॅम अल्कोहोल एवढी आहे. तिच्यापुढे पहिल्या गुन्ह्याला १० हजारांपर्यंत दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही. पण याचा पेगात हिशोब मांडू नका. वजन, रिकामं पोट, किती वेळात घेतली यावर तो बदलतो. शिवाय मार्च-एप्रिलमध्ये लिम्का, लिंबू आणि मीठ घालून घेतलेला हुर्राक (काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारू) सरबतासारखा उतरतो आणि उन्हात उशिरा चढतो. घेतलीत तर चावी दुसऱ्याकडे द्या, पायलट (भाड्याच्या मोटारसायकलवाला) बोलवा, नाहीतर तिथेच झोपा.

समुद्र शांत दिसतो तेव्हा तरी उतरायला हरकत नाही ना?

फसगत नेमकी इथेच होते. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेलं पाणी परत जायला एखादी चिंचोळी वाट शोधतं आणि तिथून जोराने आत ओढ घेतं. त्या पट्ट्यात लाटा कमी फुटतात, पाणी गडद आणि सपाट दिसतं. दोन्ही बाजूंना फेस आणि मध्ये निवांत पाणी बघून नवखा माणूस म्हणतो, इथे बरं आहे. तो जिथे उतरतो तीच ओढीची जागा असते.

ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे तोंड करून झुंजू नका, चांगला पोहणाराही त्यात दमून बुडतो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, आत नेते. तरंगत राहा, किनाऱ्याला समांतर पोहून त्या पट्ट्याबाहेर या, मग लाटांबरोबर परता. पोहता येत नसेल तर हात वर करून मदत मागा.

'दृष्टी' या खासगी संस्थेचे जीवरक्षक २००८पासून आपल्या किनाऱ्यांवर आहेत. लाल-पिवळ्या बावट्यांच्या मधली जागा पोहण्यासाठी, लाल बावटा असेल तर उतरायचं नाही. जून ते सप्टेंबर समुद्रात जायचंच नाही. रात्रीही नाही, कारण जीवरक्षकांची पाण्यावरची नजर दिवसाची असते. मागच्या वर्षी याच जागी पोहलो होतो, या आठवणीवर विसंबू नका. पावसाळ्यानंतर वाळूचे बांध जागा बदलतात.

खाणीच्या खंदकात आमची मुलं वर्षानुवर्षं पोहतात. आताच एवढा बाऊ कशाला?

डिचोली, सत्तरी, सांगे, केपे या भागांत खाणी बंद पडल्या आणि खड्डे पाण्याने भरून राहिले. वरून ते तळ्यासारखे दिसतात, पण तळ्याला उथळ काठ असतो. खंदकाला नसतो. पहिल्या पावलाला घोटाभर पाणी आणि दुसऱ्याला बुडेल एवढी खोली. काठाची माती ओली झाली की हात रोवायला जागा मिळत नाही, म्हणून पोहता येणाराही वर चढू शकत नाही. एक घसरतो, दुसरा त्याला काढायला उडी मारतो, आणि बातमी दोघांची येते.

पाण्यात उडी मारून वाचवायला जाऊ नका. काठी, दोरी, साडी, नारळाची झावळी किंवा बूच लावलेली रिकामी प्लास्टिकची कॅन, जे हाताला लागेल ते फेका. पाण्याजवळ खेळणाऱ्या प्रत्येक मुलाला एवढं शिकवलं तरी निदान दुसरा जीव वाचेल.

धबधब्यांवर पावसाळ्यात प्रशासन बंदी घालतं आणि आपण तिची चेष्टा करतो. वर डोंगरात सर कोसळली की खाली ऊन असतानाही पाणी अचानक चढतं.

सांजावाला, म्हणजे जूनमधल्या सेंट जॉनच्या सणाला, विहिरीत उडी मारणं ही आपल्याकडची मजा आहे, ती कोणी काढून घेऊ नये. पण उडीआधी पाण्याची खोली मोजा, आधीचा माणूस बाजूला झाला का बघा, दोर सोडून ठेवा, आणि प्यायलेल्याला काठावरच बसवा.

बुडालेल्याला बाहेर काढल्यावर पोटातलं पाणी काढायचं का?

नाही. उलटं टांगणं, गरगर फिरवणं, पोट दाबणं यात मोलाची मिनिटं जातात आणि पोटातलं उलटून फुप्फुसात जातं. श्वास चालू नसेल तर उताणं झोपवा, हनुवटी वर करा, नाक चिमटीत धरून तोंडाने दोन श्वास द्या. मग छातीच्या मधोमध तळहाताने जोरात दाब द्या: मोठ्या माणसाला पाच-सहा सेंटिमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२० या वेगाने, दर ३० दाबांनंतर दोन श्वास. मदत येईपर्यंत थांबू नका. शुद्धीवर आला तरी इस्पितळात न्याच, काही तासांनी श्वासाचा त्रास सुरू होऊ शकतो.

रस्त्यावर जखमी पडलाय. उचलला तर पोलिसांचं झंझट मागे लागेल का?

ही भीती जुनी आहे आणि एकेकाळी खरीही होती. २०१६मध्ये सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांना संरक्षण देणारी मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, आणि २०१९मध्ये मोटार वाहन कायद्यात कलम १३४अ आलं. सद्‌हेतूने मदत करणाऱ्यावर दिवाणी वा फौजदारी जबाबदारी येत नाही. नाव सांगायची सक्ती नाही, साक्षीदार व्हायचं की नाही तुमची मर्जी, इस्पितळात पैसे भरून घेता येत नाहीत.

आधी मागून येणारी वाहनं थांबवा, नाहीतर तुम्हीही आडवे व्हाल. १०८ला फोन लावा. 'मोठ्या वडाजवळ' एवढ्याने भागत नाही. गाव, वाडा, जवळचं देऊळ किंवा चॅपेल, कुठून कुठे जाणारा रस्ता, हे सांगा. रक्त भळभळत असेल तर स्वच्छ कापडाने घट्ट दाबून धरा आणि सारखं उचलून बघू नका. श्वास चालू असेल तर हेल्मेट ओढून काढायची घाई नको, मान हलू देऊ नका. पाणी पाजू नका. आपल्याकडे हे हटकून होतं: कोणीतरी धावत बाटली आणतो, आणि बेशुद्ध माणसाच्या घशात पाणी जातं.

रिक्षात दुमडून घालून नेण्यापेक्षा रुग्णवाहिकेची वाट बघणं बहुतेक वेळा बरं. आग, पाणी किंवा रहदारीचा धोका असेल तर गोष्ट वेगळी.

जवळच्या आरोग्य केंद्रात न्यावं की सरळ गोमेकॉत (बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात)?

हा निर्णय १०८च्या कर्मचाऱ्यांवर सोडा. पण प्रश्न रास्त आहे. डोक्याच्या गंभीर इजेवर शस्त्रक्रियेसाठी बहुतेक वेळा बांबोळीच गाठावं लागतं, आणि काणकोणहून ते साठ-सत्तर किलोमीटर दूर आहे. गोव्याचा नकाशा हातावर मावतो, म्हणून इथे सगळं जवळच असं आपण धरून चालतो. सांगे, धारबांदोडा किंवा सत्तरीच्या आतल्या गावातून शनिवारी संध्याकाळी निघून बघा.

खर्चाचं काय?

केंद्राच्या मे २०२५च्या योजनेनुसार वाहन अपघातातल्या जखमीला नेमून दिलेल्या इस्पितळांत सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंतचे उपचार रोख न भरता मिळतात.

साप चावला तर?

धावू नका, बांधू नका, कापू नका, चोखू नका, मंत्र घालणाऱ्याकडे नेऊ नका. चावलेला हात किंवा पाय फळीला आधार देऊन स्थिर ठेवा, अंगठी-बांगड्या काढा आणि इस्पितळ गाठा. साप मारून न्यायची गरज नाही, उपचार लक्षणांवरून होतात.

मण्यारीबद्दल थोडं जास्त. ती रात्री जमिनीवर झोपलेल्याला चावते, दुखत नाही, खूण दिसेलच असं नाही. पहाटे पोटात कळ येते, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं, आणि घरचे पित्त समजून सोडा पाजतात. पावसाळ्यात जमिनीवर झोपून उठलेल्याच्या पापण्या मिटत असतील, तर सर्पदंशच धरून चला. खाटेवर झोपणं, मच्छरदाणी नीट खोचणं आणि अंधारात विजेरी नेणं यांनी अर्धं काम होतं. इस्पितळात देतात ते प्रतिविषाचं इंजेक्शन नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालतं.

म्हाताऱ्यांचं पडणं यात कशाला?

कारण जगभर रस्त्यांनंतर अपघाती मृत्यूंचं सर्वांत मोठं कारण पडणं हेच आहे, आणि गोवा म्हाताऱ्यांचं राज्य होत चाललं आहे. २०११च्या जनगणनेतच साठीपुढचे ११ टक्क्यांहून अधिक होते. मुलं पुण्याला नाहीतर परदेशी, आणि जुन्या घरात दोघंच.

आषाढात चिऱ्यांच्या पायऱ्यांवर हिरवं शेवाळ चढतं. न्हाणीघर मागल्या दारी, मध्ये उघडं अंगण. रात्री लघवीला उठलेली आजी दिवा न लावता जाते, कारण बिल. खुब्याचं हाड मोडतं, मग अंथरूण, मग न्यूमोनिया. मृत्यूच्या दाखल्यावर पायरी कुठेच नसते.

ब्लीचिंग पावडर आणि ताठ झाडू, एक कठडा, न्हाणीत धरायला दांडी, रात्रभर जळणारा छोटा दिवा. मोतीबिंदू काढून घ्या. झोपेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्यांनी चक्कर येते का, हे डॉक्टरांना विचारा.

विजेचा धक्का?

घरच्या मुख्य बोर्डावर ३० मिलिअँपियरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच प्रवाह तोडणारा स्विच) बसवून घ्या आणि महिन्यातून एकदा त्याचं चाचणीचं बटण दाबून बघा. तुटून पडलेल्या तारेजवळ जाऊ नका. कुळागरात रानडुकरांसाठी तारेत वीज सोडणं हा गुन्हा आहे, आणि तिने डुकरांबरोबर माणसंही जातात.

मोठ्या दुर्घटनांचं काय? त्यातून काही शिकतो का आपण?

४ जानेवारी २०१४ला काणकोणात बांधकाम चालू असलेली इमारत कोसळून ३१ जण गेले, बहुतेक बाहेरून आलेले मजूर. ३ मे २०२५च्या पहाटे शिरगावच्या श्री लईराई जत्रेत चेंगराचेंगरी झाली. डिसेंबर २०२५मध्ये हडफड्यातल्या नाइटक्लबच्या आगीत २५ जण दगावले, त्यातले बरेचसे तिथेच काम करणारे. तिन्ही ठिकाणी लोक गेल्यावर परवाने, दरवाजे, वाटा आणि तपासण्या चर्चेला आल्या. चौकश्या झाल्या, निलंबनं झाली. पंधरा दिवस गोवाभर तपासण्यांची लगबग चालते आणि मग हंगाम सुरू होतो. एकाच रात्री पंचवीस गेले की मुख्यमंत्री धावतात. तेवढेच महिन्याभरात रस्त्यांवर एकेकटे जातात, तेव्हा कोणी धावत नाही.

शवचिकित्सा नको म्हटलं तर?

अनैसर्गिक मृत्यूची चौकशी भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४खाली होते, तिथे घरच्यांच्या इच्छेपेक्षा कायदा मोठा. आणि ती तुमच्याच उपयोगाची आहे: पंचनामा आणि शवचिकित्सेच्या अहवालाशिवाय विमा आणि भरपाई अडते. वाहन अपघात दावा लवादाकडे सहा महिन्यांच्या आत अर्ज करा. धडक देऊन गाडी पळाली असेल, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर इजेसाठी ५० हजार रुपयांची तरतूद आहे. बँकेच्या पासबुकात वर्षाला २० रुपये कापलेले दिसतात का बघा. ती प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजना असेल तर दोन लाख मिळतात, आणि कित्येक घरांना आपण विमा काढलाय हेच माहीत नसतं.

आमच्या वळणावर दोघं गेले. 'ब्लॅक स्पॉट'च्या यादीत ते का नाही?

केंद्राच्या व्याख्येत साधारण ५०० मीटरच्या पट्ट्यात तीन वर्षांत मृत्यू किंवा गंभीर इजेचे पाच अपघात, किंवा दहा मृत्यू लागतात, आणि ती आखली आहे राष्ट्रीय महामार्गांसाठी. गावच्या वळणाने या यादीत जायचं तर आणखी माणसं मरावी लागतील. म्हणून यादीची वाट बघू नका.

ग्रामसभेत ठराव मांडा, पण 'रस्ता सुरक्षित करावा' असा मोघम नको. कुठल्या खांबाजवळ, किती वाजता, कोणत्या दिशेने येणाऱ्या गाडीने, रस्ता ओला होता का, दिवा होता का, हे गेल्या तीन वर्षांच्या प्रत्येक अपघाताचं लिहा. जे थोडक्यात वाचले त्यांचंही लिहा, ते तर यादीत कधीच येत नाहीत. झुडपं आणि गतिरोधकासाठी सार्वजनिक बांधकाम खातं, दिव्यासाठी वीज खातं, महामार्ग असेल तर बांधकाम खात्याचा महामार्ग विभाग. प्रत्येकाला वेगळं पत्र, आणि प्रत वाहतूक पोलिसांना. एकच पत्र सगळ्यांना पाठवलं की प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. पोच घ्या, आणि पुढच्या ग्रामसभेच्या विषयपत्रिकेत 'मागील ठरावावरील कार्यवाही' याखाली तो विषय आहे का, हे सभेच्या आधी सचिवांकडून बघून घ्या.